‘अस्सल’पणाचा निकष आणि कोळीगीतांची ध्वनिमुद्रणे

१

‘संमिश्र प्रतिसाद’ हा मराठी समीक्षेच्या परिभाषेतील अतिशय सोयीचा शब्दप्रयोग आहे. एखाद्या प्रयोगशील कृतीविषयी काहींनी भरभरून बोलावे, काहींनी नाके मुरडावीत आणि समीक्षकाने दोहोंची बेरीज करून तिला दोनाने भागावे, एवढीच क्रिया त्यात अभिप्रेत असते. स्तुती कशाची झाली, निंदा कशाची झाली, आणि मुख्य म्हणजे स्तुती व निंदा यांच्या बुडाशी एकच गृहीतक दडलेले आहे काय, हे प्रश्न या भागाकारात विरघळून जातात. सरासरी काढणे हे मूल्यमापन नव्हे. ते मूल्यमापन टाळण्याचा एक सभ्य मार्ग होय.

या टाळाटाळीचे ठळक उदाहरण म्हणून शांता शेळके यांनी लिहिलेल्या आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेल्या कोळीगीतांकडे पाहता येईल. ‘मी डोलकर’ आणि ‘राजा सारंगा’ ही त्यांतील सर्वपरिचित गीते. आज ज्याला रायगड म्हणतात तो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात होता. त्या कुलाबा-काळातच ही गीते तयार झाली आणि अर्धशतकाहून अधिक काळ ती मोऱ्यापासून श्रीवर्धनपर्यंत आणि त्याहून कितीतरी दूर घाटमाथ्यावर वाजत राहिली. शाळांच्या स्नेहसंमेलनांनी त्यांना आपलेसे केले, नारळी पौर्णिमेच्या मंडपांनी आपलेसे केले. मराठी समीक्षेने मात्र त्यांना जवळ केले नाही आणि दूरही लोटले नाही. त्यांच्याविषयी जे बोलले जाते ते चर्चासत्रांच्या मधल्या सुटीत, वर्गातल्या शेऱ्यांत किंवा लोकसाहित्यावरील व्याख्यानाच्या एखाद्या उपवाक्यात. लेखी समीक्षेपर्यंत न पोचलेले हे मौखिक मत हाच या गीतांचा ‘संमिश्र प्रतिसाद’ होय. आणि तो तपासून पाहिला तर तो फारसा संमिश्र नाही असे आढळते.

२

या मौखिक मताचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. पहिला लोकसाहित्याच्या अभ्यासकाचा: ही गीते कोळ्यांची नव्हेत, इंदापूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या कवयित्रीने ती रचली, मंगेशकरांनी बांधली आणि त्यांतील डोलकराचा आवाज तर हेमंतकुमार या बंगाली गायकाचा आहे, तेव्हा हे लोकगीत नसून लोकगीताचे सोंग आहे. दुसरा काव्यसमीक्षकाचा: शान्ताबाईंची खरी कविता अन्यत्र आहे, ही मागणीनुसार केलेली गीतरचना असल्याने ती काव्यविचाराच्या कक्षेत येत नाही. तिसरा चाहत्याचा: ही गीते इतकी हुबेहूब आहेत की ती कोळीवाड्यातच जन्मली असे वाटते, आणि हेच त्यांचे यश.

दुसऱ्या मताचा निकाल लवकर लागतो. मेघदूताचा मराठी अनुवाद करणाऱ्या, लुइझा मे ऑल्कटची कादंबरी ‘चौघीजणी’ म्हणून मराठीत रुजवणाऱ्या आणि जपानी हायकू मराठीत आणणाऱ्या लेखिकेच्या संदर्भात परभाषा, परबोली आणि परस्वर पेलण्याची क्रिया ही तिच्या वाङ्मयीन कर्तृत्वाच्या केंद्रस्थानी आहे, परिघावर नाही. कालिदासाचा यक्ष पेलणे हे साहित्य आणि डोलकर पेलणे ही कारागिरी, असा भेद करण्यास संस्कृत आणि कोळी यांच्या सामाजिक पायऱ्यांखेरीज दुसरा कोणता आधार आहे? तो आधार मान्य असेल तर तसे उघडपणे म्हणावे.

उरलेली दोन मते परस्परविरोधी वाटतात खरी, पण ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. एक म्हणते, ही गीते अस्सल नाहीत म्हणून वाईट. दुसरे म्हणते, ती अस्सल वाटतात म्हणून चांगली. ‘अस्सल’ हाच निकष दोघांनाही मान्य आहे. अभ्यासक आणि चाहता ज्या गृहीतकावर हात मिळवतात त्या गृहीतकाची तपासणी करणे हे समीक्षेचे काम होते, आणि नेमके तेच झालेले नाही.

३

हा दोष केवळ मराठी आहे असे समजण्याचे कारण नाही. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या समीक्षेत, जिथे बंडखोरी ही प्रतिष्ठेची खूण मानली जाते, तिथेही हाच निकष ठाण मांडून बसलेला दिसतो. रेडिओहेड या इंग्लिश गटाने १९९७ च्या ‘ओके कम्प्युटर’नंतर ऑक्टोबर २००० मध्ये ‘किड ए’ ही मुद्रिका काढली. गिटारी मागे सरल्या, गायकाचा आवाज यंत्रांतून गाळून घेतला गेला, एका गीतात तर १९७३ च्या एका संगणकीय रचनेचा तुकडा आधार म्हणून वापरला गेला. लंडनच्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाने तिला पाचांपैकी दीड गुण दिला. अमेरिकेतील ‘पिचफोर्क’ने दहापैकी दहा. हा गट आता रॉक गट राहिला नाही, असे निंदकांचे म्हणणे. हा गट आता रॉकच्या पलीकडे गेला, असे स्तावकांचे. पुढे २००९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने तिला दशकातील सर्वोत्कृष्ट मुद्रिका ठरवले. मुद्रिकेत या नऊ वर्षांत एका स्वराचाही फरक पडलेला नव्हता. बदलले ते हान्स रॉबर्ट याउसने १९६७ मध्ये ज्याला अपेक्षाक्षितिज म्हटले ते. ज्या गटाकडून जे अपेक्षित होते ते मिळाले नाही, एवढेच पहिल्या निंदेचे तथ्य; आणि अनपेक्षिताची सवय झाली, एवढेच नंतरच्या गौरवाचे.

दोन्ही उदाहरणांत महत्त्वाचा फरकही आहे. रेडिओहेडला स्वतःच्याच पूर्वरूपाशी इमान राखण्याची अट घातली गेली. कोळीगीतांना दुसऱ्याच्या रूपाशी इमान राखण्याची. पहिल्या प्रकरणात अपेक्षाक्षितिज बदलले, कारण त्या मुद्रिकेवर लिहिले गेले, भांडले गेले, मते लेखी नोंदली गेली आणि मग ती खोडावी लागली. कोळीगीतांच्या बाबतीत लेखी मतच नसल्याने खोडण्याजोगे काही उरले नाही. मौखिक मताचा हा मोठाच लाभ असतो: त्याच्यावर चूक सिद्ध होत नाही.

४

‘अस्सल’ हा निकष रायगडच्या किनाऱ्यावर लावून पाहिला तर काय होते? कोळी-आगरी समाजाच्या हळदीला, लग्नाला, पालखीला आज जे वाद्य अनिवार्य मानले जाते तो बेंजो. त्याच्या खणखणाटावाचून ‘आपली’ चाल पुरी होत नाही. हे वाद्य बुलबुलतरंगाच्या कुळातले, आणि बुलबुलतरंग १९१२ च्या सुमारास जपानमध्ये तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यापासून आलेला. म्हणजे किनाऱ्याचा ‘मूळ’ नाद गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत समुद्रापलीकडून आला. तो आज किनाऱ्याचा आहे याविषयी शंका नाही. परंतु तो किनाऱ्याचा झाला तो वापराने, जन्माने नव्हे. देशीवादाच्या मूळ मांडणीत देशीकरणाच्या या प्रक्रियेला मानाचे स्थान आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या विचाराचे उत्साही अनुयायीच जन्मदाखले मागत फिरतात.

यापुढचा टप्पा अधिक बोलका आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ध्वनिफिती स्वस्त झाल्या आणि प्रादेशिक संगीत मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीबाहेर पडले. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात ही प्रक्रिया विस्ताराने नोंदवली आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर याच काळात कोळ्यांनी स्वतःची गीते स्वतः ध्वनिमुद्रित केली; ‘वेसावकर आणि मंडळी’ हे त्यांतील सर्वज्ञात नाव. येथे कवी, गायक, वादक, श्रोता सगळेच किनाऱ्याचे. अस्सलपणाचा निकष प्रामाणिकपणे वापरला जात असता तर या ध्वनिफितींचे स्वागत व्हायला हवे होते. पण तेव्हा दुसरा शब्द पुढे आला: ‘बाजारू’. कीबोर्ड आहे, ठेका यंत्राचा आहे, शब्द उथळ आहेत.

म्हणजे बाहेरच्याने केले तर नकली आणि आतल्याने केले तर बाजारू. मग अस्सल काय उरते? जे ध्वनिमुद्रित झालेले नाही, जे गाणारी म्हातारी आता हयात नाही, जे ऐकता येत नाही म्हणून ज्याच्यावर मत देण्याची जबाबदारीही नाही, ते. अस्सलपणाचा हा निकष जिवंत गाण्यावर कधीच उत्तीर्णतेचा शेरा देत नाही, कारण त्यासाठी तो घडवलेलाच नाही.

याचा पुरावा विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतच आहे. महदंबेचे धवळे मराठी काव्याच्या आरंभी येतात, म्हणून त्यांच्यावर प्रश्न विचारले जातात. रायगड-ठाण्याच्या किनारपट्टीवर आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवला गाते, विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. दोहोंमध्ये नेमके कोणते नाते आहे हा संशोधनाचा विषय. पण विवाहप्रसंगी स्त्रीने गायचे गीत आणि त्याचे नाव, एवढे साम्य तरी कानावर पडण्याजोगे आहे. तेराव्या शतकातील धवळे वाङ्मय ठरतात आणि चालू शतकातील धवला क्षेत्रकार्याची ‘सामग्री’ ठरतो. सामग्रीचे रसग्रहण करायचे नसते. ती गोळा करायची असते.

५

आता निकष बदलून पाहावा. ही ध्वनिमुद्रणे कोळीवाड्याचा आरसा नाहीत. ती एक रचना आहे, आणि त्यांनी तसे लपवलेलेही नाही. गीतकार म्हणून शेळके यांचे नाव त्यांवर आहे. ‘पारंपरिक’ या आडोशाला ती उभी नाहीत. खोटेपणाचा आरोप टिकण्यासाठी आधी खरेपणाचा दावा असावा लागतो. याच मंगेशकरांनी आरती प्रभूंची कविता स्वरबद्ध केली, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने १९७४ मध्ये ‘शिवकल्याण राजा’त रामदास आणि भूषण गाववले, तेव्हा रामदासांची मूळ चाल कोणती, भूषणाचे ब्रज उच्चार शुद्ध आहेत काय, असे कोणी विचारले नाही. तिथे चर्चा रचनेची झाली. लोकगीताचे नाव निघताच रचनेचा प्रश्न मागे पडून वंशावळीचा प्रश्न पुढे का यावा? अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत आणि जनसंगीत या कोटी वेगळ्या करून दाखवल्या, त्या अशाच गफलती टाळण्यासाठी. जनसंगीताला लोकसंगीताच्या तागडीत घातले की ते नेहमी हलकेच भरणार.

रचना म्हणून पाहता पहिला प्रश्न बोलीचा. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात कोळी आणि आगरी बोलींचे नमुने आहेत. ळ चा ल होणे, ण चा न होणे आणि स्वरांमधील ड चा र होणे ही या पट्ट्यातील परिचित लक्षणे. शहरी लेखक बोलीचा रंग देताना बहुधा पहिल्या दोहोंवर भागवतो, कारण ती घाटावरच्या कानालाही उमगतात. ‘मी डोलकर’मध्ये तिसरे लक्षणही आहे: साडीची ‘सारी’ होते, लाडाचे ‘लार’ होते, कोळीवाड्याचा ‘कोलीवारा’ होतो. ‘सारी’ म्हणजे साडी हे इंदापूरच्या वा अमरावतीच्या श्रोत्याला प्रथमश्रवणी कळणार नाही, हे कवयित्रीला ठाऊक असणारच. तरी शब्द सोपा केलेला नाही, त्याची फोड केलेली नाही. सोंग आणणारा लेखक इतका धोका पत्करत नसतो.

याहून मोठी गोष्ट अशी की ही बोली येथे हसण्यासाठी आलेली नाही. मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटांत बोलीचा प्रवेश बहुधा विनोदाच्या दारातून झाला; १९८० मध्ये ‘वस्त्रहरण’ने मालवणीला अपूर्व यश मिळवून दिले तेही फार्सच्या अंगाने. कोळीगीतांत लता मंगेशकर यांच्यासारखा, प्रमाण उच्चाराचा मानदंड मानला गेलेला आवाज, न आणि र चे हे उच्चार कोणतीही मिश्कील छटा न देता, शृंगाराच्या आणि भयाच्या ऐन भावस्थितीत करतो. प्रयोग म्हणायचा तो हा. ज्या उच्चारांवरून मुलांना वर्गात सुधारले जाते ते उच्चार भावगीताच्या मंचावर विनाअट बसवणे, ही भाषिक प्रतिष्ठेची उलथापालथ होती. अस्सलपणाच्या तपासनीसांना ती दिसली नाही, कारण त्यांचे लक्ष गायिकेच्या जन्मगावाकडे होते.

दोषही दाखवता येतो, आणि तोही नेमका. याच गीतात करणे हे क्रियापद स्त्रीच्या तोंडी ‘करतंय’ असे किनाऱ्याच्या रूपात येते. डोलकराच्या तोंडी मात्र ते ‘करतो’ असे प्रमाण रूपात येते. बोलीचा भार स्त्रीस्वरावर आहे. पुरुषाचा, ध्रुपदातला, सर्वांनी मिळून म्हणायचा भाग प्रमाण भाषेच्या आश्रयाला गेला आहे. कारण गायकाच्या सोयीचे असो वा ध्रुपद महाराष्ट्रभर पोचवण्याचे, परिणाम एकच: साजशृंगार बोलीतला आणि सत्ता प्रमाणभाषेतली. ‘दर्याचा राजा’ स्वतःच्या राज्याच्या भाषेत बोलत नाही. हा आक्षेप गंभीर आहे, आणि तो मुद्रिका कान देऊन ऐकल्यावरच घेता येतो. वंशावळी तपासून तो सापडत नाही.

६

उरतो तो ऐकणाऱ्याचा प्रश्न, आणि खरी विकृती तिथे आहे. डोलकर म्हणजे डोल लावणारा. डोल हे पिशवीसारखे निमुळते जाळे. गुजरातपासून रायगडपर्यंतच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे भरती-ओहोटीचा ओढ जबर असतो, तिथे ते समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडावर धरतात. पाणीच मासळी आत लोटते. बोंबील, करंदी, जवळा मिळतो तो या पद्धतीने. उधाणाला डोल भरते, भांगाला ओढ मंदावते. हा मासेमार मासळीचा पाठलाग करत नाही. तो जागा निवडतो, जाळे रोवतो आणि चंद्राच्या तिथीची वाट पाहतो. घाटावरचा श्रोता ‘डोलकर’ ऐकतो तेव्हा त्याला यातले काही ऐकू येत नाही. त्याला ऐकू येते ते ‘डोलणे’. शाळेच्या मंचावर मुले हात कमरेवर ठेवून डोलू लागतात ती याच श्रवणातून. ‘सारंगा’चेही तेच. फारसी सरहंगपासून आलेला सारंग म्हणजे गलबताचा प्रमुख, जोखीम घेणारा आणि हुकूम देणारा. बाहेरच्या श्रोत्याला त्यात हरीण दिसते, मोर दिसतो, फार तर दुपारचा राग आठवतो.

शब्द गीतकाराने व्यवसायाचा घेतला. त्याचे नृत्य केले ते श्रोत्याने, आणि समीक्षेने शब्दाचा अर्थ सांगण्याचे साधे कर्तव्यही न केल्याने ते नृत्य टिकून राहिले. ज्याला नकलीपणा म्हणून गीताच्या माथी मारले जाते त्याचा मोठा भाग श्रवणाचा आहे.

हा केवळ शब्दार्थाचा वाद नव्हे. उरणच्या समुद्रात १९८९ पासून न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर उभे आहे. डोल ही रोवायची गोष्ट असल्याने तिला जागा लागते. भराव पडला, खाडीचे मुख बदलले, प्रवाहाची दिशा फिरली, की ती जागाच नाहीशी होते आणि जाळे उचलून दुसरीकडे नेण्याची सोय नसते. बंदरविस्ताराच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रवाह, तिवरे, मासेमारीची जागा आणि उपजीविका यांचा संबंध एका न्यायपीठाला तपासावा लागला. ‘डोलकर’ या शब्दात तो संबंध आधीपासून होता. तो शब्द महाराष्ट्राला तोंडपाठ होता. तो शब्द म्हणजे एक व्यवसाय, त्याचे पाणी आणि त्याची जागा आहे, असे कोणी वेळीच ऐकवले असते तर बंदर थांबले नसते, हे खरे. परंतु ज्यांच्या शब्दावर महाराष्ट्र डोलत होता त्यांची जागा जाताना तो इतका अनभिज्ञ तरी राहिला नसता. शब्दांचे अर्थ राखणे हे कोणाचे काम आहे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना टाळता येणार नाही.

७

तेव्हा मागणी माफक आहे. या ध्वनिमुद्रणांना लोकसाहित्याच्या दारावरून हाकलू नये आणि लोकप्रियतेच्या मखरातही बसवू नये. त्यांना ‘पाठ्य’ मानून वाचावे आणि ऐकावे. त्यांच्याशेजारी धवलारणीचा धवला ठेवावा, वेसावकरांच्या ध्वनिफिती ठेवाव्यात आणि महदंबेचे धवळेही ठेवावेत. प्रत्येकाची बोली, प्रत्येकाचा आवाज, प्रत्येकाचा श्रोता यांची तुलना करावी. त्यातून कोळीगीतांच्या वाट्याला कदाचित आजच्यापेक्षा कठोर निर्णय येईल. तो त्यांचा सन्मानच ठरेल, कारण तो निर्णय असेल.

किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत मराठीच्या वर्गात आज डोलकरांच्या मुली बसतात. ‘सारी’ हा उच्चार त्या वर्गात गिळतात आणि तोच उच्चार लताबाईंच्या आवाजात ऐकतात. या दोन अनुभवांच्या मधल्या अंतराविषयी मराठी समीक्षेला काही सांगता येत नसेल, तर ‘अस्सल’ हा शब्द तिने आधी स्वतःवर वापरून पाहावा.